कृत्रिम अवयव आणि ऑर्थोसिस : रचना, चाचण्या आणि संशोधन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृत्रिम अवयव आणि ऑर्थोसिस यांत फरक काय?

हात किंवा पाय नसेल तर त्याच्या जागी बसवतात तो कृत्रिम अवयव, म्हणजे प्रोस्थेसिस. अवयव आहे, पण त्यात ताकद नाही, तो वाकडा होत चालला आहे किंवा त्याला ठरावीक स्थितीत धरून ठेवायचे आहे, तेव्हा बाहेरून लावतात ते ऑर्थोसिस. पोलिओनंतरचे कॅलिपर, पक्षाघातानंतर लोंबणारे पाऊल उचलून धरणारा प्लास्टिकचा आधार, कण्याचा ब्रेस ही सगळी ऑर्थोसिस. संशोधकांपुढचा मूळ पेच दोन्हीकडे सारखाच आहे. कडक वस्तूने मऊ, जिवंत शरीरावर जोर द्यायचा, काम तर झाले पाहिजे आणि कातडीही शाबूत राहिली पाहिजे.

‘कामगिरी’ मोजतात म्हणजे नेमके काय करतात?

चालण्याच्या प्रयोगशाळेत जमिनीत बळ मोजणारी पाटी बसवलेली असते. व्यक्तीच्या अंगावर ठरावीक जागी चमकणारे छोटे गोळे चिकटवतात आणि भोवतीचे कॅमेरे त्यांची हालचाल टिपतात. पाटीवर पाऊल पडले की खालून वर येणाऱ्या बळाचा आलेख उमटतो. धडधाकट पायाच्या आलेखाला दोन उंचवटे असतात. पहिला, वजन पायावर येते तेव्हाचा. दुसरा, पाऊल जमिनीला मागे रेटते तेव्हाचा. कृत्रिम पायाच्या आलेखात हा दुसरा उंचवटा सहसा बसका दिसतो, कारण रेटा देणारी पोटरीच तिथे नसते. हे रेटणे भरून काढायला कंबर, उरलेली मांडी आणि दुसरा पाय जास्त राबतात.

याखेरीज श्वासातला ऑक्सिजन मोजून चालायला किती ऊर्जा लागते ते काढतात. सहा मिनिटांत किती अंतर चालून होते, खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला किती वेळ लागतो, अशा साध्या चाचण्याही असतात. साध्या असल्या तरी त्या फार उपयोगी आहेत, कारण कुठेही, कमी साधनांत करता येतात. शिवाय प्रश्नावल्या असतात. माझ्या मते सर्वांत बोलका आकडा मात्र वेगळाच आहे: दिवसातले किती तास ते उपकरण अंगावर होते. दुर्दैवाने कित्येक अभ्यासांत तोच मोजलेला नसतो.

इतके संशोधन होऊनही सॉकेट का दुखते?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि यायलाच हवा. पाऊल कितीही उत्तम बसवा, सॉकेट (उरलेला अवयव ज्यात बसतो तो कप) नीट नसेल तर पाय कोपऱ्यात पडून राहतो.

तळपाय वजन पेलण्यासाठी घडलेला असतो. पोटरीची किंवा मांडीची कातडी तशी नसते. गुडघ्याखाली पाय गेला असेल तर सॉकेटने भार कुठे द्यायचा आणि कुठे मुळीच द्यायचा नाही हे जागा पाहून ठरवावे लागते. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध आणि नडगीच्या आतल्या बाजूचा रुंद भाग दाब सोसतात. नडगीची धार, बाहेरच्या बाजूच्या हाडाचे वरचे टोक आणि कापलेल्या हाडाचे खालचे टोक सोसत नाहीत. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५०च्या दशकाच्या अखेरीस पीटीबी (वाटीखालच्या स्नायुबंधावर भार देणारे) सॉकेट तयार झाले ते याच हिशेबावर. प्लास्टरच्या साच्यावर कुठे खरवडायचे आणि कुठे भर घालायची हे शिकवताना आजही हाच नकाशा समोर असतो.

सॉकेटचा आकार एकदा ठरतो, पण स्टम्प, म्हणजे कापल्यावर उरलेला अवयवाचा भाग, दिवसभर एकाच आकाराचा राहत नाही. बहुतेकांचा स्टम्प चालता चालता, दाबामुळे द्रव बाहेर ढकलला जाऊन, हळूहळू आकसतो. सकाळी एक मोजा घालून घट्ट बसलेले सॉकेट दुपारी सैल होते. मग पाय प्रत्येक पावलाला थोडा वरखाली सरकतो, हाड खाली टेकते आणि कातडी घासली जाते. मध्येच बसून आणखी एक मोजा चढवावा लागतो. वॉशिंग्टन विद्यापीठात स्टम्पमधून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून हा द्रवबदल चालता चालता मोजण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. दिवसात आपोआप घट्ट-सैल होणारी सॉकेट करण्याचे प्रयत्न अशाच मोजमापांवर उभे आहेत.

त्यात घामाची भर. सिलिकॉनचे लायनर (स्टम्पवर चढवायचे मऊ आवरण) घसरण कमी करते, पण उष्णता आत कोंडते. कातडी एकदा गरम झाली की थोड्या विश्रांतीने लगेच निवत नाही. ओली कातडी लवकर सोलवटते.

म्हणून दुखणे अंगावर काढू नका. ‘सवय होईल’ हे वाक्य पहिल्या काही दिवसांच्या ओढीबद्दल ठीक आहे. पाय काढल्यावर बराच वेळ लालसरपणा जात नसेल, फोड आला असेल, तर सॉकेट बदलायला हवे. मधुमेह असेल तर दुखेपर्यंतही थांबू नका. संवेदना कमी असली की जखम दिसते, पण कळत नाही. रोज रात्री आरसा धरून स्टम्प खालून पाहायचाच.

कार्बन फायबरचे पाऊल साध्या पावलापेक्षा खरेच चांगले का?

लाकडी किंवा प्लास्टिकचा गाभा आणि टाचेत मऊ फोम असलेले सॅक पाऊल १९५०च्या दशकात बर्कलीतच तयार झाले. स्वस्त, टिकाऊ, बिघडण्यासारखे त्यात काहीच नाही. १९८०च्या दशकात फ्लेक्स-फूट आले आणि कार्बन फायबरच्या पट्टीत ऊर्जा साठवून ती पाऊल उचलताना परत देण्याची कल्पना रुजली. ही पट्टी जेवढी ऊर्जा साठवते त्याहून जास्त देऊ शकत नाही. पोटरीचे स्नायू नवी ऊर्जा घालतात, पट्टी घालत नाही.

सपाट जमिनीवर रमतगमत चालताना दोन्ही पावलांतला ऊर्जेचा फरक बहुतेक अभ्यासांत लहानच निघाला आहे. २००४ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्याने सांगितले की कोणते पाऊल कोणाला द्यावे हे ठरवण्याइतका भक्कम तुलनात्मक पुरावा नाही. तरीही भरभर चालणारी, उतार चढणारी माणसे कार्बनचे पाऊल पसंत करतात, आणि त्यांची पसंती हाही पुरावाच आहे. हळू चालणाऱ्या, घरात वावरणाऱ्या वयस्कर व्यक्तीला मात्र फार ताठ कार्बन पट्टी उलट त्रास देते. पट्टी वाकवण्याइतका जोरच पडत नाही.

जयपूर फूटचे संशोधनात स्थान काय?

मोठे आहे. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे हे पाऊल घडवले तेव्हा त्यांनी बुटात चालण्यापेक्षा वेगळी अट आधी धरली: उकिडवे बसता आले पाहिजे, ओबडधोबड जमिनीवर पाऊल कलले पाहिजे आणि पाणी लागले तरी चालले पाहिजे. यंत्रातला सांधा न वापरता, रबराच्याच लवचिकपणातून पावलाला सर्व दिशांनी हलू देणे ही त्यातली अभियांत्रिकी. कोणत्याही देशात नवे पाऊल बेतणाऱ्याने आधी वापरणाऱ्याचा दिवस पाहावा, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले.

मायक्रोप्रोसेसर गुडघा म्हणजे मोटर असलेला गुडघा का?

नाही. १९९७ मध्ये आलेल्या सी-लेग या अशा गुडघ्यामध्ये संवेदक सेकंदाला ५० वेळा कोन आणि भार वाचतात आणि त्यानुसार हायड्रॉलिक झडप उघडझाप करते. गुडघा किती अडवायचा एवढेच ते ठरवते. उचलून देत नाही. पण तोल गेला त्या क्षणी गुडघा एकदम दुमडत नाही, हा फायदा मोठा आहे. अडखळणे आणि पडणे कमी होते असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. पडण्याची भीती गेली की माणूस बाहेर पडतो, हे तर कोणत्याही आलेखाशिवाय दिसते.

मग मोटर असलेला घोटा का नाही सगळ्यांना देत?

२०१२ मध्ये ह्यू हेर आणि अलेना ग्राबोव्स्की या संशोधकांनी मोटरच्या घोट्यावर चालणाऱ्यांची ऊर्जा धडधाकट माणसांइतकी आल्याचे दाखवले. गुडघ्याखाली पाय नसलेल्यांना साध्या उपकरणावर चालताना साधारण १० ते ३० टक्के जास्त ऊर्जा लागते असे मानले जाते. त्या मानाने हा निष्कर्ष फार आशादायक होता. नंतरच्या काही अभ्यासांत एवढा लाभ सर्वांना झाला नाही. वजन, बॅटरी, आवाज आणि पाणी हे प्रश्न तर आहेतच. संशोधन थांबलेले नाही आणि थांबूही नये.

पाऊल मध्येच मोडणार नाही हे कसे तपासतात?

यंत्रावर. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) २२६७५ या मानकात घोटा आणि पाऊल टाचेपासून चवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा दाबतात, एकूण २० लाख वेळा. पायाच्या पूर्ण रचनेसाठी आयएसओ १०३२८ आहे. त्यात ३० लाख वेळा भार देतात आणि वापरणाऱ्याच्या वजनानुसार चाचणीची पातळी ठरते. सेकंदाला एक दाब धरला तर २० लाख दाबांना २३ दिवस लागतात. रोज ५,००० पावले टाकणाऱ्याच्या एका पायावर २,५०० भार पडतात, म्हणजे तेवढे व्हायला ८०० दिवस. अर्थात यंत्र वाळू, समुद्राचे पाणी आणि जिन्यावरची घसरण जाणत नाही. स्क्रू सैल झाला की आवाज येतो. तो आवाज आला की तपासणीला जा.

थ्रीडी प्रिंटरवर केलेले सॉकेट चालेल का?

तात्पुरत्या, तपासणीच्या सॉकेटसाठी छान. कायमच्यासाठी सावधपणे. प्रिंटर थरावर थर चढवतो आणि दोन थरांमधला जोड हीच कमकुवत जागा असते. पाय उभ्या दिशेत छापला की हे थर आडवे येतात आणि वाकवणारा जोर नेमका जोडांवरच येतो. सॉकेट प्रत्येकाचे वेगळे असल्याने आयएसओ १०३२८ थेट त्याला लावता येत नाही. प्रयोगशाळा ते आपापल्या परीने जुळवून घेतात, म्हणून एका अभ्यासाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहणे अवघड जाते. स्कॅनिंगचा फायदा मात्र खरा आहे. आकार जपून ठेवता येतो आणि मागच्या वर्षीच्या आकाराशी ताडता येतो. साचा प्लास्टरचा असो की स्कॅनरचा, कुठे दाबायचे हे हाताने चाचपूनच कळते.

अलाइनमेंटमध्ये काही मिलिमीटरने काय बिघडते?

अलाइनमेंट म्हणजे सॉकेट आणि पाऊल यांची एकमेकांशी जुळणी. पाऊल सॉकेटखाली किंचित पुढे-मागे सरकवले तरी गुडघ्यावरचा वाकवणारा जोर बदलतो. फार मागे गेले तर गुडघा अचानक दुमडतो. फार पुढे गेले तर टेकडी चढल्यासारखे वाटते. पण एकच अचूक बिंदू असतो असेही नाही. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या १९८६ च्या अभ्यासात एकाच व्यक्तीला निरनिराळ्या जुळण्या मान्य झाल्या होत्या. शरीर जुळवून घेते. ते कशाच्या बदल्यात जुळवून घेते, कंबर दुखण्याच्या की दुसरा गुडघा झिजण्याच्या, ते वर्षांनी कळते.

दुसऱ्या, चांगल्या पायाचे काय?

त्याच्यावर जास्त भार येतो. एका पायाने अपंगत्व असलेल्यांमध्ये चांगल्या बाजूच्या गुडघ्याची झीज आणि पाठदुखी अधिक आढळते, तर कापलेल्या बाजूचे हाड वापराअभावी विरळ होते. तपासणीला जाल तेव्हा दोन्ही पाय दाखवा.

सॉकेटशिवाय, थेट हाडात बसवलेला पाय कसा असतो?

टायटॅनियमशी हाड घट्ट जुळते हे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी दातांच्या रोपणासाठी वापरले. १९९० मध्ये स्वीडनमध्ये मांडीच्या हाडात पहिले असे रोपण झाले. रोपणाचे टोक कातडीतून बाहेर येते आणि पाय त्यालाच अडकवतात. बसताना काही बोचत नाही, घाम नाही, जमीन कशी आहे हे हाडातून थोडेफार कळते.

किंमत कातडीच्या त्या उघड्या जागेची आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश अभ्यासात ५१ रुग्णांपैकी २८ जणांना दोन वर्षांत वरवरचा जंतुसंसर्ग झाला, बहुतेकदा औषधाने आटोक्यात येणारा. खोलवरचा संसर्ग कमी जणांना, पण तो गंभीर असतो. सॉकेट अजिबात सोसत नसेल त्याच्यासाठी हा मार्ग आयुष्य बदलणारा ठरू शकतो. ज्याचे सॉकेटवर बरे चालले आहे त्याने घाई करू नये.

लोक कृत्रिम हात काढून का ठेवतात?

एलेन बिडिस आणि टॉम चाऊ यांच्या २००७ च्या आढाव्यात प्रौढांनी दोरीवर चालणारे हात सरासरी २६ टक्के आणि विजेवरचे २३ टक्के सोडून दिल्याचे आढळले. मुलांमध्ये हेच प्रमाण ४५ आणि ३५ टक्के होते. कारणे ओळखीचीच आहेत: वजन, उकाडा, हळू काम, आणि एका हाताने पुष्कळ कामे जमतात हे वास्तव. खऱ्या हाताच्या वजनाचाच कृत्रिम हात जड वाटतो, कारण तो हाडाला जोडलेला नसून कातडीवर लटकलेला असतो.

खांद्याच्या पट्ट्यातून दोरी ओढून उघडणारा हूक दिसायला जुना, पण दोरीच्या ताणातून पकड किती घट्ट झाली ते खांद्याला कळते. पाच बोटे वेगवेगळी हलवणारे विजेचे हात पुष्कळदा ही जाणीव देत नाहीत, आणि काच फुटेल की काय म्हणून डोळे सतत हाताकडे लावावे लागतात. हात सोडून देणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने प्रयोग पूर्ण केला आणि उत्तर दिले, असे समजून ते उत्तर नोंदवायला हवे.

‘विचाराने चालणारा’ हात खरा आहे का?

शब्द भडक आहे, मागचे काम खरे आहे. मायोइलेक्ट्रिक हात उरलेल्या स्नायूच्या विद्युतसंकेतांवर चालतो. हात खांद्यापासून गेला असेल तर असा स्नायूच उरत नाही. शिकागोत टॉड कायकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास हाताकडे जाणाऱ्या नसा छातीच्या स्नायूंना जोडल्या. मूठ मिटायचे मनात आणले की छातीचा तो तुकडा आकुंचन पावतो आणि वरचे इलेक्ट्रोड ते वाचतात. पुढे लक्षात आले की नसेला असे काम मिळाले तर तिच्या टोकाशी होणाऱ्या गाठीचे दुखणेही कमी होऊ शकते.

पायासाठी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात अशीच दिशा धरली आहे. एकमेकांविरुद्ध काम करणारे दोन स्नायू शस्त्रक्रियेत जोडून ठेवायचे, म्हणजे एक आखडला की दुसरा ताणला जातो आणि पाय कुठे आहे ते मेंदूला कळते. २०२४ मध्ये ही शस्त्रक्रिया झालेल्या सात जणांचा कमाल चालण्याचा वेग, ती न झालेल्यांपेक्षा ४१ टक्के जास्त आढळला. सात म्हणजे थोडे, पण सर्जन आणि अभियंता शस्त्रक्रियेआधीच एकत्र बसले तर काय घडते ते यातून दिसते.

मुलीला कण्याचा ब्रेस दिला आहे. किती तास घालायचा?

डॉक्टरांनी सांगितले तेवढे. त्यामागचा पुरावा या क्षेत्रातल्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांतला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत कण्याचा बाक ५० अंशांच्या आत राहिला तर यश, असे ठरवले होते. ब्रेस दिलेल्यांत ७२ टक्के यशस्वी झाले, नुसते लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधीच थांबवला.

मुली खरेच किती वेळ ब्रेस घालतात हे कळावे म्हणून त्यात तापमानाचा संवेदक बसवला होता. अंगावर असला की गरम, कपाटात असला की गार. सांगितले होते दिवसाला १८ तास. ज्यांनी सरासरी १२.९ तासांहून जास्त घातला त्यांच्यात यश ९० टक्क्यांवर गेले. शाळेत ब्रेस घालून बसणे मुलीला किती जड जाते हे समजून घ्या, आणि तास का हवेत हे तिलाच नीट सांगा. रागावून तास वाढत नाहीत.

पक्षाघातानंतरचा पायाचा आधार किती कडक हवा?

फक्त पाऊल लोंबत असेल तर पातळ, लवचिक पट्टीही पुरते. घोटा आत वळत असेल, पिंढरी आखडत असेल किंवा गुडघा मागे झुकत असेल तर कडक हवा. कडक आधार पोटरीचा रेटाही अडवतो, म्हणून गरजेपेक्षा जास्त कडक नको. आधारासोबतचा बूटही तपासून घ्या. टाचेची उंची बदलली की नडगीचा कल बदलतो आणि सगळी जुळणी बिघडते.

मोटरशिवाय चालणे हलके करणारे उपकरण खरेच झाले आहे का?

हो. २०१५ मध्ये स्टीव्हन कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी घोट्याला लावायचे स्प्रिंग आणि क्लचचे उपकरण दाखवले. बॅटरी नाही, मोटर नाही, आणि चालण्याची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटली. चाचणी निरोगी व्यक्तींवर होती. आजारी पायाला तोच लाभ मिळेल असे त्यातून ठरत नाही.

हे संशोधन नवेच आहे ना?

पद्धतशीर काम १९४५ नंतर, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांमुळे वेगात आले. वापरता येणारे अवयव मात्र फार जुने आहेत. इजिप्तमध्ये एका ममीच्या पायाला लाकूड आणि चामड्याचा अंगठा सापडला, इसवी सनाच्या सात शतके तरी आधीचा. तो शोभेचा की कामाचा? मँचेस्टरच्या जॅकी फिंच यांनी त्याची हुबेहूब प्रतिकृती केली आणि पायाचा अंगठा नसलेल्या दोन स्वयंसेवकांना ती घालून आजच्या प्रयोगशाळेत चालवले. २०११ मध्ये निष्कर्ष आले: तो घालून चांगले चालता येते. लाकडाच्या कडा घासू नयेत म्हणून त्या कारागिराने केलेली गोलाई पाहिली की त्याने घालणाऱ्याचे ऐकले होते हे कळते.

अभ्यासांत माणसे इतकी कमी का असतात?

प्रत्येकाचा स्टम्प, कारण, वय आणि सॉकेट वेगळे. शिवाय कोणता पाय घातला आहे हे घालणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे नव्याचे कौतुक निकालात मिसळते. म्हणून जाहिरातीतला टक्का वाचताना तीन गोष्टी बघा. तुलना कशाशी केली, सवय व्हायला किती आठवडे दिले, आणि त्यातली माणसे तुमच्यासारखी होती का. तरुण, निरोगी, अपघातात पाय गमावलेल्यांवरचा निष्कर्ष मधुमेहाने पाय गेलेल्या सत्तरीतल्या व्यक्तीला तसाच लागू होत नाही, आणि जगात अशांची संख्या मोठी आहे.

मला अशा अभ्यासात भाग घ्यायचा आहे. काय विचारू?

जरूर घ्या, वापरणाऱ्यांशिवाय हे काम पुढे जात नाही. सही करण्याआधी विचारा: माझे रोजचे सॉकेट तसेच राहणार का, की त्यातही बदल करणार? जखम झाली तर उपचार कोण करेल? मध्येच थांबता येईल ना? नैतिक समितीची मान्यता आहे का? आणि अभ्यास संपल्यावर हे उपकरण माझ्याकडे राहणार का, राहिले तर बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? सहा महिने चांगल्या गुडघ्यावर चालवून तो परत काढून घेणे फार क्लेशकारक असते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्या.